नक्कल नाही

उज्माआपा चहा बशीत ओतते, थंड करते आणि पुन्हा कपात ओतून पिते.

बोलता बोलता ती समोरचीच्या ओढणीचा काठ चिमटीत धरते आणि नखाने धागे मोजते. बोलणं थांबत नाही. शेवटी आकडा सांगते. "इंचाला साठ. दुकानदाराने तुला काहीतरी भारी सांगितलं असेल."

ती तारीख उलटी लिहिते. आधी साल, मग महिना, मग दिवस. कॉम्प्युटरवर फायली क्रमाने लागाव्यात म्हणून लागलेली सवय. आता लोणच्याच्या बरणीवरही तसंच असतं.

लाइट गेली की भिवंडीत सगळे वैतागतात. आपा म्हणते, "ऐक." मग आम्ही ऐकतो. चारी बाजूंचे लूम थांबलेले असतात. ती शांतता ऐकायला सांगतानाही आपा ओरडूनच सांगते. लूमशेजारी वाढलेली माणसं हळू बोलायला शिकत नाहीत.

आणि ती "मला माहीत आहे" असं कधी म्हणत नाही. "असं दिसतंय" म्हणते. खिडकीतून हात बाहेर काढते, हात ओला होतो, आणि म्हणते, "पाऊस पडतोय असं दिसतंय."

चार वर्षांत "मला माहीत आहे" हे शब्द मी तिच्या तोंडून एकदाच ऐकले. त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. अजून मला तो नीट उलगडलेला नाही.

उज्मा बुबेरे. वय एक्केचाळीस. भिवंडीतल्या टेमघरला पाण्याच्या टाकीमागे घर. घराच्या मागच्या भिंतीला लागून धाकट्या भावाचा, अदनानचा कारखाना. कारखान्यात चार जकार्ड लूम. जकार्ड हे लूमच्या डोक्यावर बसणारं यंत्र. कापड विणताना कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे ते ठरवतं. म्हणून कापडावर फुलं उमटतात.

आपाचं लग्न झालं होतं. दोन वर्षांत ती परत आली. त्याबद्दल ती बोलत नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

मी एम.ए. मराठी झाले आणि नोकरीसाठी मला एमएस-सीआयटी करावं लागलं. तो क्लास आपा घ्यायची. पहिल्या दिवशी तिने माझा टाइप केलेला अर्ज वाचला. "'आपल्या कृपाछत्राखाली'? छत्री कुठेय यात? काढ." मी काढलं. मग तिने आणखी सहा शब्द काढले. अर्ज तीन ओळींचा राहिला. नोकरी लागली. वडप्याला एका मोठ्या गोदामात, परत आलेल्या मालाच्या टेबलावर. लोकांनी वस्तू का परत पाठवली ते मी नोंदवते. रंग वेगळा निघाला. मोठा होतो. नवरा नको म्हणाला.

क्लास संपला तरी मी टेमघरला जात राहिले.

आपाची आई मेहरुन्निसा. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते. खाला तीस वर्षं डिझाइन काढत होत्या. आधी ग्राफपेपरवर पेन्सिलीने, एक एक चौकोन भरून. कामवारी नदीचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी ते सगळे कागद गेले. मग नवीन जकार्ड आले आणि खाला कॉम्प्युटरवर काढायला शिकल्या. वयाच्या पन्नाशीत. आपानेच शिकवलं. त्या दिवसांबद्दल दोघी वेगवेगळं सांगतात.

"अम्मी माउस उचलून हवेत फिरवायची."

"खोटं बोलतंय. एकदाच उचलला व्हता."

कॉम्प्युटरवर काढलेली डिझाइनं चारशे बारा. ती सगळी एका परदेशी कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये साठवलेली. त्या फायली दुसऱ्या कशात उघडत नाहीत. प्रोग्रॅम चालवायला डोंगल लागतो. पेन ड्राइव्हसारखी छोटी किल्ली. ती लावल्याशिवाय प्रोग्रॅम सुरूच होत नाही. अदनानचा डोंगल बिघडला, तोवर कंपनीने त्या जकार्डचे डोंगल विकणं बंद केलं होतं. नवीन मशीन घ्या, नवीन प्रोग्रॅम घ्या, असं तिचं म्हणणं. नवीन प्रोग्रॅम जुन्या फायली उघडत नव्हता.

मशीनमध्ये आधीच भरलेली सात-आठ डिझाइनं चालत होती. बाकीची कॉम्प्युटरमध्ये होती. तिथे असून नव्हती.

खालांना त्यातलं एकच हवं होतं. डिझाइन नंबर दोनशे अठरा. पडद्याच्या कापडाची किनार. तिच्यात कोयऱ्यांची रांग. सव्वीस कोयऱ्या.

"अकरावी उलटी हाय," खालांनी मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. हाताने चाचपून. "पंचवीस कोयऱ्या उजवीकडं बघतान. अकरावी डावीकडं. माझ्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं. कापड विकून झालं. हजारो मीटर. कोणी बोलला न्हाय."

"मग कुणाला कळणार आहे खाला?"

"मला."

खालांच्या डोळ्यांच्या मध्यभागी दिसेनासं होत चाललं आहे. कडेचं दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर त्या मान वळवून त्याच्या कानाकडे बघतात. डॉक्टरांनी सांगितलंय की मधला अंधार वाढत जाईल. किती दिवसांत, ते सांगितलेलं नाही. त्याआधी त्यांना ती कोयरी सरळ करायची होती. स्वतः, स्वतःच्या हाताने.

अदनान एकदा म्हणाला, "अम्मी, कापडाचा तुकडा आहे ना आपल्याकडे. तो बघून कुणाकडून तरी नवीन काढून घेऊ."

"मंग ती त्याची कोयरी व्हईल," खाला म्हणाल्या. विषय संपला.

म्हणून आपाने स्वतःच प्रोग्रॅम लिहायला घेतला. कंपनीच्या फायली उघडणारा. नाव ठेवलं 'किनार'. पहिल्या दिवसापासून तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला. कुणीही फुकट घ्यावा, आत काय लिहिलंय ते वाचावं, चुका दुरुस्त कराव्यात. मी विचारलं, घरच्या फायलींसाठी एवढं जगजाहीर कशाला?

"मालेगावला हेच जकार्ड आहेत. इचलकरंजीला आहेत. तिथेही कुणाची तरी अम्मी असेल ना गो."

फाइलच्या आत काय असतं ते मी पाहिलं आहे. नुसते आकडे. पानंच्या पानं. कुठला आकडा कशासाठी, हे कंपनीलाच ठाऊक. आपाने ते शोधायची एक पद्धत काढली. तेव्हा अदनानकडे कंपनीचा नमुन्याचा एक डोंगल अजून जिवंत होता; त्यावर नवीन डिझाइन करता यायचं, जुनं उघडायचं नाही. ती कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये एक कोरं डिझाइन करायची. साठवायची. मग त्यात फक्त एक धागा बदलायची. पुन्हा साठवायची. मग दोन फायली शेजारी ठेवून बघायची, कुठला आकडा हलला. वहीत लिहायची. मग दुसरा धागा.

असं तिने दीड वर्ष केलं. सकाळी क्लास, दुपारी एक धागा. तिच्या "असं दिसतंय"ची सवय तिथली आहे. वहीत प्रत्येक नोंदीची सुरुवात तशीच. 'नवव्या घरात रंगांची संख्या असते असं दिसतंय.' अकरा वह्या भरल्या.

मग एका दुपारी व्होल्टेज वर-खाली झालं आणि तोही डोंगल जळाला. दोन पंखे आणि शेजाऱ्यांचा फ्रीजही जळाला. आपा फक्त डोंगल हातात घेऊन बसली होती.

तोवर तिला बरंचसं कळलं होतं. पडताळून बघायचं राहिलं होतं, आणि एक भाग तर पूर्णच राहिला होता. किनारीतल्या कोयरीसारखी आकृती फाइलमध्ये एकदाच साठवलेली असते. पुढे नुसती यादी असते. इथे तीच ठेवा, इथे तीच ठेवा, इथे आरशात दिसते तशी उलटी ठेवा. त्या यादीची रचना आपाला उमगली नव्हती. चारशे बारापैकी एकतीस डिझाइनं त्या तऱ्हेची. दोनशे अठरा त्यात. खालांची चूक तर नेमकी त्या यादीतच होती.

आपाने कंपनीला मेल केली. तुमच्या फाइलच्या रचनेचं वर्णन मिळेल का? महिन्याभराने उत्तर आलं. चोपन्न पानांचा कागद जोडलेला. सोबत अटी. कागदातला मजकूर कुणाला द्यायचा नाही. ज्याने कागद वाचला त्याने त्यावरून प्रोग्रॅम लिहायचा नाही.

आपाने कागद उघडला नाही. अटी तीनदा वाचल्या. मग दुसरी मेल केली. ती मला तोंडपाठ आहे, कारण तिच्यात माझा उल्लेख आहे. "माझी एक मैत्रीण आहे. तिला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. तिने कागद वाचला आणि तिला काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत मला सांगितलं, तर चालेल का? कागद मी पाहणार नाही."

या वेळी उत्तर दोन दिवसांत आलं. लिहिणारा माणूस कोण होता माहीत नाही. नावाच्या जागी दोन अक्षरं होती. "मजकूर आमचा आहे. तुमच्या मैत्रिणीचे शब्द आमचे नाहीत. वाचणाऱ्यांची नावं कळवा."

आपाने दोन नावं कळवली. एक माझं, वल्लरी. दुसरं माझ्या बाबांचं.

बाबा, म्हणजे सुधीर, तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यातली बावीस वर्षं नक्कल विभागात गेली. लोक जुन्या कागदांच्या प्रती मागायला यायचे. बाबा प्रत मुळाशी ताडून बघायचे आणि 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचे. आपाला नेमका असाच माणूस हवा होता, पण उलट्या कामासाठी. मी लिहिलेलं कंपनीच्या मजकुराची नक्कल नाही ना, हे कुणीतरी ताडून बघायला हवं होतं.

बाबांनी एसटी स्टँडजवळच्या दुकानातून नवा शिक्का करून आणला. 'नक्कल नाही.'

"दुकानदार म्हणाला, काका, घरी नीट लिहून आणा. सरकारात असा शिक्का नसतो," बाबांनी येऊन सांगितलं. बरेच दिवसांनी इतके खूश होते.

आपाने एका कागदावर लिहिलं, 'मी कंपनीचा कागद वाचलेला नाही. वाचणार नाही. वाचला गेला तर त्या भागाचा प्रोग्रॅम मी लिहिणार नाही.' खाली सही, उलटी तारीख. तो तिने 'किनार'बरोबर इंटरनेटवर ठेवला. घरी फ्रिजवरही चिकटवला.

मी गोदामात सुट्टी शुक्रवारी मागून घेतली. शुक्रवारी लूम बंद असतात. इतर दिवशी संध्याकाळी मी घरी एक पान वाचायचे, समजून घ्यायचे, पान बाजूला ठेवायचे आणि मग आठवून मराठीत लिहायचे. बाबा ताडून बघायचे. शुक्रवारी मी कागद टेमघरला न्यायचे.

पहिला कागद बाबांनी परत केला. लाल शाईने तीन वाक्यं अधोरेखित.

"पण बाबा, ते इंग्रजीत आहे. मी मराठीत लिहिलंय."

"भाषांतर केलंस. भाषांतर ही नक्कलच. तुला काय समजलं ते लिही."

दुसऱ्यांदा लिहिलेलं बाबांनी पास केलं. ते आपाने परत केलं.

"हे काय? 'आकडे एकामागून एक येतात, जणू शाळेला निघालेली मुलं.' जणू म्हणजे किती?"

"उपमा आहे आपा."

"एका मुलाला किती जागा लागते ते सांग. मुलं किती, ते सांग. शाळा कुठे संपते ते सांग. उपमा नको."

मी पाच वर्षं साहित्य शिकले. लिहायला शिकले ते त्या शुक्रवारांत. 'पहिल्या चार घरांत उंची. पुढच्या चार घरांत रुंदी. त्यानंतरच्या एका घरात रंगांची संख्या. ती सोळाच्या वर जात नाही.' आपा वाचायची आणि मान हलवायची. तिच्या बोटांत माझ्या ओढणीचा काठ असायचा.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी पहिलं डिझाइन उघडलं. नंबर एक. साधी चौकड्यांची चादर. आपाने खालांना हाक मारली. खाला पदराला हात पुसत आल्या. स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या, मान वळवली आणि कडेने बघितलं.

"निळा हाय का तो?"

"निळा."

"हिरवा पायजे व्हता. तवा पन मला हिरवाच पायजे व्हता. तुझा बाप बोलला निळा."

आणि त्या भात बघायला आत गेल्या. आपा हसत सुटली. मग डोळे पुसले. तेही हसण्यामुळेच, असं दिसतंय.

पावसाळा संपेपर्यंत तीनशे एक्क्याऐंशी डिझाइनं उघडली. अदनानने त्यातली चार पुन्हा लूमवर चढवली. मालेगावहून एकाने मेल केली, त्याचीही दोनशे उघडली होती. एकतीस राहिली. माझ्या वाचनात आता चाळीस पानं झाली होती. आरशाची यादी एकेचाळिसाव्या पानावर होती. अर्ध्या पानाचा एक तक्ता. तो समजायला मला दहा दिवस लागले. लिहायला चार. बाबांनी दोनदा परत केला. तिसऱ्यांदा म्हणाले, "आता तुझं झालं. ठेव, शिक्का मारून देतो."

त्या सकाळी काळूराम घरी आला. तो बाबांच्या कार्यालयात शिपाई होता. तोही निवृत्त. नातीच्या बारशाचं आमंत्रण द्यायला आला होता. आईने पोहे केले. बाबांसमोर टेबलावर माझा कागद होता आणि ताडून बघायला ठेवलेलं कंपनीचं पान. बाबांनी बोलत बोलत माझ्या कागदावर शिक्का मारला, सही केली आणि दोन्ही कागद काळूरामच्या हातात दिले. बावीस वर्षं असंच द्यायचे. काळूरामने बोलत बोलत पंचिंग मशीन पुढे ओढलं, दोन्ही कागदांना एकत्र छिद्रं पाडली आणि टॅग ओवला. नक्कल वर, मूळ खाली. बावीस वर्षं असंच करायचा.

"काय साहेब, तो नवीन तहसीलदार काय बोलला तुम्हाला त्या टायमाला, आठवतंय?"

दोघं हसत होते. मी कागद पिशवीत टाकला. उलटून पाहिला नाही. रिक्षा उभी होती.

टेमघरला पोहोचले. आपाला कागद दिला आणि चहा टाकायला आत गेले. खाला आत पोळ्या लाटत होत्या. मी म्हटलं, "खाला, आज मिळालं. आरशाचं." खालांनी लाटणं थांबवलं नाही. फक्त म्हणाल्या, "चष्मा कुठं ठेवलाय बघ माझा."

चहा घेऊन बाहेर आले. आपाने कागद टेबलावर पालथा घातला होता. त्यावर पेपरवेट ठेवला होता. ती हात मांडीवर ठेवून बसली होती.

"वल्लरी," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज हळू होता. "मला माहीत आहे."

"काय?"

"आरसा कसा साठवतात ते. मला माहीत आहे आता. तुझ्या कागदावरून नाही. मागच्या."

मला कळायला वेळ लागला. मग मी टॅग पाहिला.

सहा महिने ती ते शोधत होती. तीन सेकंदांत तिला दिसलं. एका घरातला एक आकडा. शून्य असेल तर सरळ. एक असेल तर उलटी. एवढंच होतं.

मी म्हटलं, "माझ्या कागदात तेच आहे. तेच तुला माझ्याकडून दहा मिनिटांत कळलं असतं."

"हो."

"मग काय फरक पडतो? कुणी पाहिलं नाही."

"मी होते ना इथे."

तिने चहा बशीत ओतला. पुन्हा कपात ओतला. प्यायली नाही. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात मला समजावून सांगितलं, क्लासमध्ये सांगायची तसं. "मी कागदावर सही केलीये. तो कागद वाचून लोक 'किनार' वापरतात. मालेगावचा तो माणूस वापरतो. उद्या कुणी विचारलं, ही ओळ तुला कुठून कळली, तर मला खोटं बोलायला लागेल. एक ओळ अशी निघाली की बाकी चार हजार ओळींवर कोण विश्वास ठेवेल? दीड वर्षं एक एक धागा बघितला ते पण खोटं दिसेल."

"मी लिहू का? मला शिकव."

"तू तर चोपन्न पानं वाचायला बसलीयेस. तू माझ्याहून आधी बाद." ती हसली. "आपण दोघी बाद गो. आता तिसरं कुणीतरी पाहिजे."

ती उठली आणि फ्रिजवरचा कागद काढला. खाली एक ओळ लिहिली. पुन्हा चिकटवला.

अदनान दुपारी जेवायला आला तेव्हा त्याला कळलं. तो चिडला. "एवढा शहाणपणा कशाला आपा? लिहून टाक ना. कंपनीवाला टेमघरला येणारे का बघायला? नाहीतर त्यांनाच विचार. त्या दोन अक्षरवाल्याला. माफ करेल."

आपाने विचारलं होतं. जेवायच्या आधीच मेल केली होती. सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. उत्तर लगेच आलं होतं, आपोआप येणारं. ती व्यक्ती आता इथे काम करत नाही.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कामावर जाण्याआधी, ते माझ्याबरोबर रिक्षात बसले. टेमघरला पोहोचल्यावर चप्पल दारातच काढून उभे राहिले. खिशातून शिक्का काढला आणि आपापुढे धरला.

"हा ठेवा तुमच्याकडे. मी याच्या लायकीचा नाही. 'नक्कल नाही' म्हणून शिक्का मारला आणि खाली मूळ जोडून पाठवलं."

"काका, आत या आधी."

"बावीस वर्षांत एकही चूक नाही माझी. एकही मेमो नाही."

"चूक कुठे झाली काका? तुम्ही तर अगदी नियमाने केलंत. नक्कल वर, मूळ खाली. त्या बावीस वर्षांत एकदा जरी मूळ लावायला विसरला असतात ना, तर आज आपण वाचलो असतो."

 बाबांचे खांदे हलायला लागले. हसत होते. आपाने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि शिक्का त्यांच्या खिशात परत घातला. "अजून तेरा पानं राहिलीत. काळूरामला घरी बोलवू नका फक्त."

खाला दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"उज्मा. तुला ठावं हाय ना कसं करायचं ते?"

"हो अम्मी."

"किती ओळी?"

"सात-आठ."

"आन तू त्या लिवनार न्हाय."

"नाही."

मला वाटलं, आता त्या रडतील. किंवा ओरडतील. त्यांच्या डोळ्यांतला अंधार किती वाढलाय ते त्या कुणाला सांगत नाहीत, पण गेल्या महिन्यात त्यांनी साखरेऐवजी मीठ घातलं होतं. आपालाही ते आठवत असणार. ती फरशीकडे बघत होती.

खाला पुढे आल्या. मान वळवली आणि मुलीच्या कानाकडे बघितलं, म्हणजे चेहऱ्याकडे.

"मी पन त्या कोयरीचं कोनाला बोलली न्हाय चौदा वर्सं," त्या म्हणाल्या. "झोप लागत न्हाय गो. नको लिऊ."

आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊ, पोळी खाऊन जा."

बाबा तीन पोळ्या जेवले.

ही गोष्ट नोव्हेंबरातली. माझा एकेचाळिसाव्या पानाचा कागद, मुळाशिवायचा, आता 'किनार'बरोबर इंटरनेटवर आहे. बाबांच्या शिक्क्यासकट. वर आपाने इंग्रजीत आणि मराठीत लिहिलं आहे, की हे वाचून कुणीतरी हा भाग लिहावा, मी लिहू शकत नाही, कारण खाली दिलं आहे. खाली तिने कारण दिलं आहे. काळूराम आणि टॅगही त्यात आहेत. एका परदेशी मुलाने दोन प्रश्न विचारले. ती उत्तरं मी लिहिली, उपमा न घालता. मग त्याचं काही आलं नाही. मालेगावचा माणूस म्हणतो, त्याचा भाचा इंजिनिअरिंगला आहे, परीक्षा संपली की बघेल.

आपा रोज सकाळी क्लासला जाण्याआधी मेल बघते. उरलेली तेरा पानं मी लिहून दिली, बाबांनी ताडली, आपाने त्यांचा प्रोग्रॅम लिहिला. तो चालतो. शुक्रवारी खाला चष्मा लावून येतात आणि कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीवर बसतात. आपा दोनशे अठरा उघडते. पडद्याचं कापड दिसतं, रंग दिसतात, खाली किनारीचा पट्टा कोरा दिसतो. खाला मान वळवून त्या कोऱ्या पट्ट्याकडे बघतात आणि बोटाने स्क्रीनवर मोजतात. एक, दोन, तीन. अकराव्या जागी बोट थांबतं.

मी परवा आपाचा प्रोग्रॅम उघडून पाहिला. मला तो कळत नाही, पण तिने मधे मधे मराठीत टिपा लिहिल्या आहेत. त्या कळतात. आरशाच्या जागी नाव दिलेलं आहे, कंस उघडलेला आहे, कंस बंद केलेला आहे. मधे प्रोग्रॅमची एकही ओळ नाही. फक्त टीप आहे.

'२०२४-११-२२. मूळ पान पाहिलं गेलं. इथून पुढे माझ्या हाताने नाही. ज्याने पाहिलेलं नाही त्याने लिहावं. अम्मी वाट बघतेय.'